बागेतला थर्मामीटर नीट कसा लावायचा

तासगावकडं द्राक्षाची छाटणी झाली की सगळ्यांचं लक्ष तापमानाकडं, पण थर्मामीटर मात्र शेडच्या पत्र्याखाली ठोकलेला, मग तो हवेचं सोडून तापलेल्या पत्र्याचंच तापमान सांगतो. सुताराकडनं लाकडी पेटी करून घ्या, चारी बाजूंनी तिरक्या पट्ट्या, वारा खेळला पाहिजे पण ऊन आत नको. बाहेरनं पांढरा रंग द्या. जमिनीपासनं 1.25 ते 2 मीटर उंच बसवा आणि दार उत्तरेला ठेवा म्हणजे रीडिंग घेताना ऊन पडत नाही, खाली कोबा नको, गवत असलं तर उत्तम.

मिनिमम-मॅक्सिमम, म्हणजे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान दाखवणारा थर्मामीटर घेतला असेल तर त्या यू आकाराच्या नळीत पाऱ्यावर दोन बारीक काड्या दिसतात, काडीचं पाऱ्याकडचं खालचं टोक वाचायचं, वरचं नाही, इथंच बरेच जण चुकतात. आणि मिनिममच्या बाजूला आकडे उलटे, वर जाईल तसे कमी होतात बरं का. रीडिंग लिहिलं की काड्या परत पाऱ्याला टेकवायच्या, रोज एकाच वेळेला.

खात्री करायचीय? साधा काचेचा थर्मामीटर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ढवळून त्यात बुडवा, 0 च्या आसपास थांबला तर ठीक, मग तोच पेटीत टांगून दुसऱ्याशी ताडून बघा.