नाताळची ब्लँकेटं वाटून झाल्यावर काय करायचं?

डिसेंबर लागला की आपल्या चर्चच्या मंडळ्यांना वस्ती आठवते. टेम्पोत ब्लँकेटं, पुढे बॅनर, बॅनरवर पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार बघणाऱ्यांचे) फोटो. दोन तासांत वाटप उरकतं, आणि मग पुढच्या नाताळापर्यंत सामसूम. मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. पुण्यात भवानी पेठेच्या कासेवाडीत आणि शेजारच्या लोहियानगरात माझे विद्यार्थी राहायचे, आता त्यांची मुलं राहतात. आमच्या मंडळीचं तिथलं काम मी बघते. दुसऱ्या मंडळ्यांचे तरुण संघ येऊन विचारतात, "बाई, आम्हालाही असं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी एकदाच सगळं लिहून काढते आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. हातावर पोट असलेल्या घराला वस्तू कमी लागतात. कागदपत्रं लागतात, कुणाचा तरी वेळ लागतो, आणि पुढच्या वर्षीही दिसेल असं माणूस लागतं.

पहिले तीन महिने काही वाटू नका

बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. एकदा का तुम्ही "वाटपवाले" झालात की लोक तुमच्याशी बोलत नाहीत, यादीत नाव घालायला सांगतात. नुसतं जा. दोघं-दोघं जा, त्यात एक बाई हवीच. जोडीने घरभेट ही रीत कॅथलिकांच्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीकडून खुशाल उचलावी. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझनाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी ती सुरू केली. त्यांच्या कामाचा कणा अजूनही हाच आहे: घरी जायचं, बसायचं, ऐकायचं.

वेळ सांभाळा. सकाळी पाणी आलेलं असताना कुणाच्या दारात उभं राहू नका. धुणीभांड्याची कामं आटोपून बायका तीनच्या सुमाराला घरी येतात, तेव्हा बोलायला निवांत असतात. पुरुष भेटायला हवे असतील तर रात्री आठनंतर. चहा दिला तर प्या, साखर जास्त असली तरी प्या. वही-पेन काढू नका. पेन दिसलं की समोरची बाई सरकारी उत्तरं द्यायला लागते.

या फेऱ्यांत एवढंच शोधायचं की अडचणीत लोक कुणाकडे जातात. अंगणवाडीच्या ताई असतील, भिशी चालवणारी एखादी काकू असेल, मंडळाचा एखादा कार्यकर्ता असेल. त्यांना डावलून केलेलं काम टिकत नाही. आणि आधीपासून कुणी काम करत असेल तर त्याच्याच हाताखाली लागा. वेगळा बोर्ड लावायची हौस आवरा.

मुंबईत 1926 मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात 'नेबरहुड हाऊस' काढलं. कामगारवस्तीच्या मधोमध, शेजाऱ्यांसाठी उघडं घर. तिथल्या अनुभवातून 1936 साली समाजकार्य शिकवणारी टाटांची संस्था उभी राहिली, तीच आजची टिस. चर्चच्या कामाची पद्धत पुढे देशाच्या उपयोगी पडली ती अशी, शेजारी राहून.

कागदांची पिशवी

हा भाग कंटाळवाणा आहे आणि सगळ्यात मोलाचा आहे. प्रत्येक घरात एक प्लास्टिकची पिशवी असते, बहुतेक पत्र्याच्या पेटीत किंवा देव्हाऱ्यामागे. ती घरच्या बाईलाच उघडू द्या. आत काय निघेल ते सांगते: घड्या पडून फाटलेलं रेशनकार्ड, दोन आधारकार्डं, एकावर मुलाचं नाव "सोनू", जन्मदाखल्यावर दुसरंच, शाळेत तिसरंच. आईचं नाव एका ठिकाणी माहेरचं, एका ठिकाणी सासरचं. जन्मतारखा 1 जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी तीच टाकली. (आम्हीच टाकायचो. त्या काळी रीतच होती.)

घरटी एक पान करा: काय आहे, काय नाही, कुठे काय जुळत नाही. मग एकेक कागद धरून त्या बाईबरोबर सेतू केंद्रात जा. बरोबर जा, तिच्याऐवजी नको. पुढच्या वेळी तिला एकटीला जाता आलं पाहिजे. मुलाच्या नावाची दुरुस्ती दहावीच्या आधी करा. बोर्डाची प्री-लिस्ट शाळेत येते तेव्हा नाव, आईचं नाव, जन्मतारीख एकेक अक्षर तपासायला पालकाला पाठवा. गुणपत्रिका हातात पडल्यावर तीच दुरुस्ती करायची तर चपला झिजतात.

विधवा, परित्यक्ता असेल तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करा. बाप गेलेला किंवा तुरुंगात असलेला असेल, तर बाल संगोपन योजनेची चौकशी महिला व बालविकास कार्यालयात करा. ही योजना फक्त अनाथांसाठी आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. आईजवळ राहणाऱ्या मुलालाही ती मिळू शकते. रेशनकार्डावर नव्या सुनेचं आणि बाळाचं नाव चढलंय का बघा. प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळतं. दोन नावं राहिली की दर महिन्याला 10 किलो गेलं, आणि तुम्ही नाताळला 5 किलोचं किट देऊन फोटो काढता.

शाळेने "दाखला आणा, मग प्रवेश देतो" म्हणून मुलाला परत पाठवलं तर शांतपणे सांगा की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात जन्माच्या पुराव्यावाचून प्रवेश नाकारता येत नाही, आणि जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. कायद्याची प्रिंट बरोबर ठेवा. आवाज चढवावा लागत नाही, कागद पुढे केला की पुरतं.

आता एक टोचणारी गोष्ट. याच कायद्यातल्या, खासगी शाळांत गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांची सक्ती अल्पसंख्याकांच्या शाळांना नाही, 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार. म्हणजे आपल्याच मिशनच्या शाळांना नाही. तेव्हा मंडळीतर्फे आपल्या शाळेच्या प्राचार्यांना भेटा आणि सक्ती नसतानाही वस्तीतल्या मुलांना दरवर्षी किती जागा देता, ते लेखी विचारा. वस्तीत गाणी म्हणायला जाण्यापेक्षा हे अवघड आहे, म्हणून आधी करा.

अभ्यासिका आणि मोठी पोरं

दहा बाय दहाच्या घरात टीव्ही, स्टोव्ह, आजारी आजी आणि तीन भावंडं असताना अभ्यास होत नाही. चर्चचा हॉल संध्याकाळी सहा ते साडेआठ रिकामाच असतो. तो उघडा. सतरंज्या, चांगला उजेड, पंखा, पिण्याचं पाणी आणि चालू संडास. वयात आलेल्या मुली संडास बघूनच ठरवतात यायचं की नाही, हे लक्षात ठेवा. शिकवणीचा आव आणू नका. गृहपाठ करायला बसवा, अडलं तर सांगा. पहिले पंधरा मिनिटं प्रत्येकाने मोठ्याने मराठी वाचायचं. सातवीतली पोरं जोडाक्षराला अडखळतात, आणि गणितातलं शाब्दिक उदाहरण त्यांना तिथेच अडतं.

रोज उघडता येत नसेल तर आठवड्यातून तीनच दिवस ठेवा, पण ते तीन दिवस पावसात, परीक्षेत, मंडळीच्या महोत्सवात, कधीही चुकवू नका. कुलूप एकदा दिसलं की पोरं महिनाभर येत नाहीत.

चौदा ते अठरा वयाची मुलं हॉलमध्ये येणार नाहीत. ती नाक्यावर, बाईकवर, संडासच्या भिंतीमागे. त्यांच्यासाठी कॅरम लावा, रविवारी दुपारी फुटबॉल न्या आणि एक नियम ठेवा: खेळायचं असेल तर मावा बाहेर थुंकून या. रुमालाला व्हाइटनरचा किंवा सोल्युशनचा वास आला (पोरं नशेसाठी हुंगतात) तर ओरडू नका, मारू तर अजिबात नका. खेळ संपल्यावर बाजूला घेऊन एकट्याशी बोला.

दहावी नापास म्हणजे संपलं, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलेलं असतं. तुम्ही तीन वाटा सांगा. जुलैच्या आसपासची पुरवणी परीक्षा. शाळा सुटून गेली असेल तर 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा. आणि आयटीआय, जिथे वेल्डर, प्लंबर अशा काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. पुण्यात औंधचं आयटीआय दाखवायला एकदा पाच-सहा पोरांना घेऊन जा. वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची ठिणगी उडताना बघून जो पोरगा गप्प होतो, त्याचा फॉर्म त्याच आठवड्यात भरा. पंधरा दिवसांनी तो कुठल्या तरी डिलिव्हरीच्या कामाला लागलेला असेल.

कर्ज आणि दारू

कर्ज फेडून देऊ नका. कितीही रडू आलं तरी. घरच्या बाईबरोबर बसून सगळी कर्जं एका पानावर मांडा: गटाचं, सोनाराचं, फ्रिजच्या हप्त्याचं, गल्लीतल्या सावकाराचं. बहुतेक बायकांनी हे सगळं कधी एकत्र बघितलेलंच नसतं. एका गटाचा मंगळवारचा हप्ता दुसऱ्या गटाच्या कर्जातून जातो, हे पानावर दिसलं की नवीन कर्ज नको हे तुम्हाला सांगावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त रक्कम हप्त्यांत जाईल असं सूक्ष्मकर्ज देता येत नाही, आणि वसुलीवाल्याला शिवीगाळ, दमदाटी करता येत नाही. हे त्याच्या तोंडावर सांगणारं एक माणूस दारात उभं असलं तरी सूर बदलतो. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याविरुद्ध जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. पण तक्रार करायची की नाही ते त्या बाईलाच ठरवू द्या, कारण त्या गल्लीत राहायचंय तिला.

दारूवर प्रवचन देऊ नका. नवरा शुद्धीवर असताना, सकाळी, चहाच्या टपरीवर गाठा. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. मुंबईत फादर जो परेरांनी वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून 1981 मध्ये सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून चालवलेल्या) सभांना पैसे लागत नाहीत, जागा मात्र लागते. हॉलची एक संध्याकाळ त्यांना देऊन टाका आणि त्या संध्याकाळी मंडळीतल्या कुणीही तिथे डोकावू नका.

मुलांची सुरक्षा

यात सूट नाही. मुलांबरोबर नेहमी दोन मोठी माणसं. दार उघडं. कुणालाही एकट्याला गाडीवर सोडायला जायचं नाही. मुलांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे नाहीत. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आरोपी मंडळीतलाच असला, मंडळीचा पंच असला, तरीही. "आपसात मिटवू, साक्ष खराब होईल" (म्हणजे लोकांत मंडळीचं नाव जाईल) असं म्हणणारा कुणीतरी निघतोच. त्याला सांगा की लपवणं हाही गुन्हा आहे. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर हॉलच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहा. आणि रस्त्यावर सापडलेलं मूल दयेपोटी घरी किंवा चर्चमध्ये ठेवून घेऊ नका. 24 तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं, आणि परवान्याशिवाय वसतिगृह चालवता येत नाही.

प्रार्थनेचं काय?

हा प्रश्न तरुण संघ दबक्या आवाजात विचारतो. वस्तीत जयभीमवाली घरं आहेत, मुसलमान घरं आहेत, मातंग, वडार, सगळे आहेत. अभ्यासिकेत प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, रविवारच्या हजेरीशी कशाचाही संबंध नाही. हे पहिल्याच दिवशी पालकांना सांगा आणि भिंतीवर लिहा. कुणी विचारलं, "बाई, तुम्ही हे का करता?" तर सरळ सांगा की मी ख्रिस्ती आहे, येशूने शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय. तेवढं पुरे. घरात आजारपण असलं आणि कुणी स्वतःहून "प्रार्थना करा ना" म्हटलं, तर तिथे, त्यांच्या भाषेत, दोन मिनिटं करा. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे आपण वाचतो आणि मग बॅनर छापतो. बॅनरचे पैसे वाचवा. त्यात अभ्यासिकेचं महिन्याचं लाइटबिल निघतं.

पैसा

मंडळीच्या खात्यात मिसळू नका, वेगळा हिशेब ठेवा. देणगी घेतली की पावती, दहा रुपयांची असली तरी. परदेशी नागरिक झालेला तुमचा मामेभाऊ प्रेमाने पैसे पाठवतो म्हणेल. एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर हात जोडून नाही म्हणा, तो पैसा परदेशी देणगीत मोडतो. इथल्याच शंभर घरांकडून महिन्याला शंभर रुपये आले तर अभ्यासिका चालते. वस्तीतल्या आयांकडूनही महिन्याला वीस रुपये घ्या. त्या देतात, आणि दिले की जाबही विचारतात. दर तीन महिन्यांनी हिशेब आधी त्यांच्यापुढे वाचा, पास्टरेट कमिटीपुढे नंतर. कमिटी नुसती मान डोलावते. बायका विचारतात, "बाई, मार्चमध्ये रिक्षाचे साडेतीनशे कुणी उडवले?"