काळात फेकली गेलेली साधी माणसं आणि नाखूष वाटाड्या: अशी गोष्ट लिहायची कशी

चार साधी माणसं लिफ्टमध्ये शिरतात, दार उघडतं तेव्हा बाहेर भलतंच शतक असतं, आणि सोबत एकच माणूस असा असतो ज्याला काय झालंय ते कळतंय पण ह्यांना घेऊन एक पाऊलसुद्धा टाकायची त्याची इच्छा नाहीये. असल्या गोष्टी मला फार म्हणजे फारच आवडतात. यात कोणी निवडलेला वीर नसतो, शास्त्रज्ञ नसतो, ज्यांना उद्या सकाळी कामावर जायचंय आणि ज्यांची घरी कोणीतरी वाट बघतंय अशीच माणसं असतात, त्यामुळे वाचताना आपण आपोआप पाचवे होऊन त्या लिफ्टमध्ये उभे राहतो.

पण लिहायला बसलं की बहुतेकांची गाडी त्या वाटाड्यापाशीच अडते. तो नाखूष आहे म्हणजे काय, तर चिडका आहे, तुसडं बोलतो, विचारलेल्याचं उत्तर देत नाही, आणि मग पंधराव्या पानावर एखादं लहान पोर हसलं की विरघळतो. हे वाचकाला पहिल्या पानावरच दिसतं हो! त्याचा नकार हा त्याचा स्वभाव नसावा. तुमच्या गोष्टीत काळ ज्या नियमाने चालतो त्या नियमातून तो नकार यायला पाहिजे. म्हणून कॅरेक्टर, सीन, डायलॉग हे सगळं नंतर, आधी नियम ठरवा, आणि एका कागदावर दोन वाक्यांत लिहून समोर चिकटवून ठेवा.

नियम कुठून आणायचा? भौतिकशास्त्रात भरपूर माल आहे आणि तो फुकट आहे. गोडेल या गणितज्ञाने 1949 मध्ये आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं विश्व काढून दाखवलं की ज्यात पुढे पुढे जात माणूस स्वतःच्याच भूतकाळात पोचू शकेल, म्हणजे कागदावर तरी दार उघडं आहे. मग प्रश्न येतो आजोबांचा, मागे जाऊन स्वतःच्या आजोबांना तरुणपणीच मारलं तर मारणारा जन्मलाच कसा. यावर नोविकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचं म्हणणं असं की जे घडलं ते घडलेलंच आहे, तुम्ही मागे गेलात तरी तुमचं जाणं त्या घडलेल्यातच धरलेलं आहे, बदल होणारच नाही. दुसरी वाट एव्हरेट या भौतिकशास्त्रज्ञाच्या 1957 च्या कल्पनेतून निघते, ती मुळात क्वांटमची, म्हणजे अणूपेक्षाही लहान कणांच्या शास्त्रातली आहे पण कथाकारांनी कधीच आपली करून टाकलीये: प्रत्येक शक्यतेचं वेगळं जग फुटतं, तुम्ही मागे जाऊन काहीही करा, तुमचं जुनं जग तिकडे जसंच्या तसं राहतं. आणि 1988 मध्ये किप थॉर्न हा भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्महोलचं, म्हणजे अवकाशातल्या दोन लांबच्या जागा जोडणाऱ्या बोगद्याचं, जे कालयंत्र मांडलं त्याची मर्यादा मला गोष्टीसाठी फार मोलाची वाटते, ती म्हणजे यंत्र तयार झालं त्याच्या आधीच्या काळात त्यातून जाताच येत नाही.

आता बघा, नियम बदलला की वाटाड्या कसा बदलतो. काही बदलतच नाही हा नियम घेतलात तर त्याला शेवट माहीत असू शकतो, त्याने कुठल्यातरी जुन्या दप्तरात या चौघांपैकी तिघांचंच परत जाणं वाचलेलं आहे, आणि म्हणून तो कोणाच्या डोळ्यात बघून बोलत नाही. जगं फुटतात हा नियम घेतलात तर त्याला माहितीये की परत नेलं तरी हे आपल्या घरी पोचणार नाहीत, घरासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या घरी पोचतील, आणि हे त्यांना सांगायचं की नाही यावर तो रोज रात्री जागतोय. भूतकाळ बदलता येतो असा नियम असेल तर त्याला प्रत्येक पावलाची भीती, कोणाशी बोलू नका, काही उचलू नका, काही टाकू नका. यंत्र बनलं त्या दिवसाच्या मागे जाता येत नाही असं असेल तर ते यंत्र बनवताना काय झालं, तिथे तो होता का, तो दिवस त्याला परत का बघायचा नाहीये, हे सगळं आपोआप उभं राहतं. माझा स्वतःचा कल पहिल्या नियमाकडे आहे. त्यात बदलाची धावपळ नसते, माहीत असलेली गोष्ट माहीत नसलेल्या माणसांसोबत जगायची असते, आणि वाचकाला त्याचा नकार आधी दुष्टपणा वाटतो आणि नंतर दया वाटते.

अजून एक, तो नाखूष असला तरी कामाचा असला पाहिजे. जो काहीच करत नाही आणि नुसता कुरकुरतो त्याच्यामागून ही माणसं चालतील कशाला? त्याला सोडून जाता का येत नाही, याचंही कारण द्या, आणि ते भावनेचं नको, यंत्रणेचं द्या, उदाहरणार्थ जितकी माणसं आत आली तितकीच बाहेर गेल्याशिवाय दारच उघडत नाही.

आता ती माणसं. इथे लोक काय करतात, एक म्हातारा, एक तरुण, एक बाई, एक मूल असं ताट वाढतात आणि सगळ्यांना एकेक स्वभाव देतात. त्यापेक्षा मी सांगेन की त्यांच्या शरीरात आणि खिशात काय आहे ते ठरवा, कारण जुन्या काळात आधी पोचतं ते शरीर, स्वभाव नंतर. इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं ते जानेवारी 1922 मध्ये टोरांटोला. म्हणजे तुमच्या चौघांपैकी एकाला टाइप वन डायबिटीस असेल आणि दार 1910 मध्ये उघडलं तर त्याच्यासाठी जगात कुठेही औषध नाही, बॅगेत आहे तेवढंच, आणि उघडलेलं इन्सुलिन पेन साधारण 28 दिवस टिकतं. तुम्हाला वेगळं टिकटिकणारं घड्याळ लावायची गरजच उरली नाही. चष्म्याचंही तसंच, चष्मा तेराव्या शतकाच्या शेवटी इटलीत आला आणि सुरुवातीचे चष्मे जवळचं वाचायला होते, लांबचं न दिसणाऱ्याचा चष्मा बाराव्या शतकात फुटला तर तो माणूस परत येईपर्यंत धूसर जगातच राहणार, त्याला हाताला धरून न्यावं लागणार, आणि कोण धरतंय यातून नाती बनणार.

सगळ्यात जास्त कामाची गोष्ट म्हणजे देवीचा रोग. 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून जन्मलेल्यांना ती लस साधारणपणे टोचलेलीच नाही. आणि जेनर या इंग्लिश डॉक्टरचा देवीच्या लसीचा पहिला प्रयोग 1796 चा. म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पोचलेली साठीच्या पुढची बाई तिथे सुरक्षित असायची बरीच शक्यता आहे आणि तिच्यासोबतचा धडधाकट विशीतला पोरगा मात्र उघडा पडलाय. सगळी गणितं उलटी होतात, जिला सगळे सांभाळत होते तीच आता पुढे जाणार. हे मी एका छोट्या सीनमध्ये असं लिहीन, वाटाड्या, रिटायर्ड नर्स आणि कॉलेजचा पोरगा, साल 1720:

"गावात जायचं नाही."

"अहो, पण पोरगं तहानलंय. समोर विहीर दिसतीये."

"बाई, तुमची बाही वर करा. दंड दाखवा."

तिने दाखवला. जुना, पसरट, खोलगट व्रण. त्याने मान हलवली आणि पोराकडे वळला.

"माझ्यापण दंडावर आहे," पोरगा लगेच म्हणाला. "हा बघा."

"तो बीसीजीचा. टीबीची लस. देवीचा नाही तो."

"मग?"

"मग बाई, पाणी तुम्ही आणा. आणि आणल्यावर उकळा. हा इथून हलणार नाही."

बघा, यात त्याने नकार दिला, नकाराचं कारण नियमातून आणि काळातून आलं, तो किती जाणतो ते कळलं, आणि त्याला यांची काळजी आहे की नाही हे अजून सांगितलेलं नाही. ते सांगायची घाई करू नका. उलट बाजूही विसरू नका, आपणही तिकडे जंतू घेऊन जातोच. 1492 नंतर युरोपातून गेलेल्या रोगांनी अमेरिका खंडातली वस्तीच्या वस्ती ओस पाडली, तेव्हा वाटाड्या यांना माणसांपासून लांब ठेवतो ते यांच्यासाठी की त्या माणसांसाठी, हा प्रश्न गोष्टीत एकदा तरी मोठ्याने विचारला जाऊ द्या.

पोचल्यावरचं वर्णन करताना राजवाडे, पोशाख, घोडे यांचा ढीग घालू नका, जे नाही त्याने सुरुवात करा. शहराच्या मध्यात उभं राहून आकाशगंगा दिसते इतका काळोख. मोटारीचा आवाज नाही म्हणून माणसांचे आवाज लांबून येतात. आणि मिनिटं नाहीत! ह्यूजेन्स या डच शास्त्रज्ञाचं लोलकाचं घड्याळ 1656 चं, त्याच्या आधीच्या घड्याळांना बहुतेकदा मिनिटकाटाच नसायचा, त्यामुळे तुमच्या माणसाने "पाच मिनिटांत येतो" म्हटलं तर समोरच्याला त्याचा काहीच अर्थ लागू नये. भाषेचं तर विचारूच नका, तेराव्या शतकातली मराठी आपल्या कानावर पडली तर निम्मी डोक्यावरून जाईल, तेव्हा सगळे आपल्यासारखंच बोलतात असं धरून चालू नका, निदान पहिले दोन दिवस हातवारे आणि गैरसमज यावर काढा. भाषा येणारा एकटा वाटाड्या असेल आणि तो भाषांतर करताना काही गाळत असेल तर अजून छान, मग त्याचा नकार शब्दांतही शिरतो.

तारखेचा घोळ मुद्दाम वापरा. ब्रिटनमध्ये 1752 साली 2 सप्टेंबरनंतर थेट 14 सप्टेंबर आला, रशियात 1918 मध्ये 31 जानेवारीनंतर 14 फेब्रुवारी. यंत्रात तारीख टाकली, पण कुठल्या कॅलेंडरची? अकरा दिवसांची चूक म्हणजे एक चुकलेलं जहाज किंवा आधीच होऊन गेलेला अंत्यविधी.

जागेचा प्रश्न, म्हणजे काळात मागे गेल्यावर पृथ्वी त्याच जागी नसणार हा, लवकर मिटवून टाका. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला साधारण 30 किलोमीटरने फिरते, सहा तासांत ती साडेसहा लाख किलोमीटरच्या आसपास पुढे गेलेली असते, चंद्रापेक्षाही लांब. यंत्र पृथ्वीला बांधलेलं आहे असं एका वाक्यात सांगा आणि पुढे चला, वाचक तेवढं देतो.

अजून एका जागी लोक घसरतात, आपल्या माणसांचं आजचं ज्ञान तिथे लगेच चालतं असं दाखवतात. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने 1847 मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूती वॉर्डात हात धुवायला लावले, बायकांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले, तरी त्याच्याच व्यवसायातल्या बऱ्याच जणांनी ते मानलं नाही. तो त्या काळातला होता, डॉक्टर होता, आकडे हातात होते, तरी! मग तुमच्या नर्सबाईचं तिथे कोण ऐकणार? तिला बरोबर उत्तर माहितीये आणि ती काहीच पटवू शकत नाही, हा सीन मन लावून लिहा, लांब लिहा, कारण हाच तो क्षण जिथे तिला वाटाड्या समजतो. त्याचंही तेच चाललंय, तो या चौघांना बरोबर ते सांगतोय आणि हे ऐकत नाहीयेत. तो मऊ व्हायला कोणा लहान मुलाचं हसू नको, एवढं पुरतं.

शेवटाकडे त्याने एकदाच स्वतःचा नियम मोडावा किंवा वाकवावा, आणि त्याची किंमत त्यानेच भरावी. चौघांना परत पाठवून तो मागे राहतो हे फार वेळा झालंय, दुसरं काही शोधा. तीनच जण परत जातात हे त्याने वाचलेलं होतं, मग त्या जुन्या दप्तरात तिघांचंच परत जाणं लिहिणारा तोच निघतो का? नियम तर मोडला नाही, लिहिलेलं तसंच राहिलं, फक्त ते खोटं होतं आणि ते त्यानेच लिहिलं. अशी पळवाट तुमच्या नियमात आहे का ते कच्चा खर्डा व्हायच्या आधीच बघून ठेवा, नंतर घुसवली की शिवण दिसते.

खर्डा झाला की एक काम करा. वाटाड्याने जिथे जिथे "नाही" म्हटलंय तिथे खूण करा, आणि एकेक नकार खोडून त्या जागी "चला" लिहून बघा. पुढची गोष्ट तशीच चालत राहिली तर तो नकार नुसता तुसडेपणा होता, काढून टाका. ज्या नकाराच्या जागी "चला" लिहिल्यावर कोणीतरी मरतं, हरवतं किंवा परत जाऊ शकत नाही, ते ठेवा.