बेसबॉलच्या पोस्टसीझनचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

२०२३ च्या ऑक्टोबरात, साखळी संपून बाद फेऱ्या म्हणजे पोस्टसीझन सुरू होताना, मी वहीत विजेता म्हणून अटलांटा ब्रेव्ह्जचं नाव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. १०४ विजय, ३०७ होम रन, हंगामात ९४७ धावा. म्हणजे सामन्यामागे जवळजवळ सहा. मग फिलाडेल्फियासमोरच्या चार सामन्यांत मिळून त्यांनी आठ धावा केल्या आणि ते घरी गेले. त्याच आठवड्यात १०१ विजयांचा बाल्टिमोर आणि १०० विजयांचा लॉस एंजेलिस डॉजर्स हे दोन्ही संघ एकही सामना न जिंकता बाद झाले. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, खेळले टेक्सस रेंजर्स (९० विजय) आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स (८४ विजय).

तेव्हापासून मी पोस्टसीझनआधी माझेच जुने अंदाज काढून तपासतो. त्यात वारंवार सापडलेल्या चुका इथे लिहितोय. अमेरिकेतल्या मेजर लीगचा ऑक्टोबर मनापासून पाहणाऱ्या कुणाच्याही वहीत त्या असतील.

संघाचं नाव लिहिणं, टक्के न लिहिणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबू. बेसबॉलमध्ये उत्तम संघही दहातले चार सामने हरतो. ९७ सामने जिंकलेला संघ ८९ विजयांच्या संघासमोर उभा राहिला, तर एका सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता साधारण ५५ टक्के निघते. आता हे ५५ टक्के मालिकेत टाकून पाहा. तीन सामन्यांच्या मालिकेत त्याचे साडेसत्तावन्न होतात, पाचांच्या मालिकेत ५९ आणि सातांच्या मालिकेत ६१. सात सामने खेळवूनही एवढीच वाढ!

२०२२ पासून १२ संघ पोस्टसीझनला येतात. अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग आहेत; प्रत्येकीतल्या पहिल्या दोन मानांकित संघांना पहिली फेरी माफ असते, बाकीच्यांना चार मालिका जिंकाव्या लागतात. वरचा ५५ टक्केवाला संघ पहिली फेरी माफ असताना विजेता होण्याची शक्यता २२ टक्के, आणि चारही फेऱ्या खेळाव्या लागल्या तर जेमतेम १३ टक्के. म्हणजे तुमचा लाडका, खरोखर चांगला संघसुद्धा पाचातली चार वर्षं रिकाम्या हातानेच परतणार.

लगेच करता येईल अशी तपासणी: बाराही संघांसमोर विजेतेपदाचे टक्के लिहा आणि बेरीज करा. १०० यायला हवी. माझी पहिल्यांदा १४० च्या पुढे गेली होती. जास्तीचे टक्के बहुतेक वेळा वरच्या तीन-चार संघांना दिलेले असतात. कात्री तिथेच लावा.

विजयांचा आकडा शब्दशः घेणं

१६२ सामने पुष्कळ वाटतात. पण अगदी सरासरी ताकदीच्या संघाचे विजयही निव्वळ नशिबाने सहा-सात इकडेतिकडे होऊ शकतात. त्यामुळे ९५ आणि ९० विजयांतला फरक खरा आहे की योगायोग, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यापेक्षा केलेल्या धावा आणि दिलेल्या धावा पाहा. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांचं जुनं सूत्र कागदावर दोन मिनिटांत होतं: केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. त्यातून येणारं प्रमाण प्रत्यक्ष विजयांपेक्षा बरंच कमी असेल, तर तो संघ एका धावेच्या फरकाचे सामने जरा जास्तच जिंकलेला असतो.

फरक खरोखर मोठा असला तरी खात्री बाळगू नका. २०२२ मध्ये डॉजर्सचे १११ विजय होते, सॅन दिएगो पाद्रेसचे ८९. हिशेब केला तर पाच सामन्यांच्या मालिकेत डॉजर्सना ७५ टक्के मिळतात. जिंकले पाद्रेस, ३-१. लोक त्याला चमत्कार म्हणाले, पण चारात एकदा घडणारी गोष्ट चमत्कार नसते.

एप्रिल ते सप्टेंबरचा संघच ऑक्टोबरात खेळेल असं धरणं

हा मुद्दाही मला फार महत्त्वाचा वाटतो. साखळी सामन्यांत पाच स्टार्टर पिचर (सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकणारे) आळीपाळीने उतरतात, म्हणजे संघाचा पहिल्या क्रमांकाचा पिचर साधारण पाचातला एक सामना सुरू करतो. पोस्टसीझनमध्ये मधे सुट्टीचे दिवस असतात, त्यामुळे पाचव्या स्टार्टरची गरजच उरत नाही. पाच सामन्यांच्या मालिकेत पहिल्या क्रमांकाचा पिचर दोनदा येऊ शकतो. चौथा-पाचवा स्टार्टर कच्चा असल्यामुळे ज्याने हंगामात सामने गमावले, तो संघ आता त्या कच्च्या जागा झाकून खेळतो. उलट, पाच बऱ्या पिचरांच्या जोरावर ९७ पर्यंत गेलेल्या संघाचं ते बळ इथे फारसं कामाला येत नाही.

२०२५ यापेक्षा चांगलं उदाहरण देणार नाही. मिलवॉकी ब्रूअर्सचे ९७ विजय, लीगमधले सर्वाधिक. डॉजर्सचे ९३. शिवाय जुलैत दोघे सहा वेळा भिडले आणि सहाही वेळा मिलवॉकी जिंकलं. आपसातला ६-० हा हिशेब पाहून अंदाज बांधणारे फसले, कारण तेव्हा ब्लेक स्नेल दुखापतीमुळे बाहेर होता आणि शोहेई ओहतानी पिचिंगला परतून सामन्याच्या नऊ इनिंगपैकी जेमतेम दोन-तीन टाकत होता. ऑक्टोबरात स्नेल, योशिनोबू यामामोतो, टायलर ग्लास्नो आणि ओहतानी असे चौघे ताजेतवाने होते. मिलवॉकीला चारही सामन्यांत प्रत्येकी एकच धाव करता आली. चौथ्या सामन्यात तर ओहतानीने पिचिंग करताना १० बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि बॅटिंगमध्ये तीन होम रन मारले.

म्हणून मालिका सुरू होण्याच्या दिवशी जाहीर होणारी २६ जणांची यादी उघडा. कोण परतलंय, कोण नाही, हे पाहून टक्के ठरवा. जुलैतल्या निकालांना त्यानंतर फारसं वजन देऊ नका.

‘लय’ आणि ‘विश्रांतीने गंज चढतो’

२००७ चा कोलोरॅडो रॉकीज २२ पैकी २१ सामने जिंकून वर्ल्ड सिरीजला पोचला आणि बॉस्टनकडून ०-४ हरला. २००० मध्ये यांकीज शेवटच्या १८ पैकी १५ सामने हरले आणि पुढे विजेते झाले. सप्टेंबरच्या लयीला मी आता शून्य टक्के देतो.

विश्रांतीचंही तेच. २०२२ आणि २०२३ मध्ये पहिली फेरी माफ झालेल्या आठ संघांपैकी तीनच पुढची मालिका जिंकले, आणि सुट्टीने बॅटरांचा हात जड होतो अशी चर्चा जोरात सुरू झाली. नंतरच्या दोन वर्षांत तशाच आठांपैकी सहा जिंकले. चार वर्षं मिळून १६ पैकी नऊ. आठ मालिकांवरून नियम काढायची घाई झाली होती, एवढंच.

घरचं मैदान

साखळीत घरचा संघ साधारण ५३-५४ टक्के सामने जिंकतो. थोडं वजन द्या, जास्त नको. २०१९ मध्ये वॉशिंग्टनने वर्ल्ड सिरीजचे चारही विजय ह्यूस्टनच्या मैदानावर मिळवले. २०२३ चे रेंजर्स बाहेरच्या मैदानांवरचे अकराही सामने जिंकले.

निकाल पाहून अंदाजाला शिव्या देणं

२०२५ च्या डॉजर्स-टोरोंटो वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना १८ इनिंग चालला. आपल्याकडे सकाळी साडेपाचच्या सुमारास सुरू झालेला तो सामना दुपारी बारा वाजून गेल्यावर फ्रेडी फ्रीमनच्या होम रनने संपला. सातवा सामना ११ इनिंगपर्यंत गेला. टोरोंटोला ४५ टक्के देणारा आणि ५५ टक्के देणारा, यांत कोण बरोबर, हे अशा एका मालिकेवरून सांगता येणार नाही.

त्यासाठी हिशेब ठेवावा लागतो. मालिकेतला पहिला चेंडू पडण्याआधी टक्के तारखेसह लिहा. ६० टक्के दिलेला संघ जिंकला, तर १ मधून ०.६ वजा करून वर्ग करा: ०.१६. हरला तर ०.६ चा वर्ग: ०.३६. आकडा जितका लहान तितका अंदाज चांगला. सगळीकडे डोळे मिटून ५०-५० लिहिलं तर सरासरी बरोबर ०.२५ येते. तुमची सरासरी त्याच्या वर गेली, तर बहुधा तुम्ही ८०-९० टक्क्यांची भाषा फार वेळा वापरताय. आणि वर्षाला मालिका अकराच असतात, त्यामुळे ही वही तीन-चार हंगाम तरी जपून ठेवा.