हर्मनचे कासव कसे ओळखावे
स्पेनच्या ईशान्य किनाऱ्यापासून बाल्कन देशांपर्यंत, भूमध्य समुद्राभोवतीच्या झुडपी रानांत राहणारे हर्मनचे कासव हे युरोपातील लहान भूकासवांपैकी एक आहे. त्याच्या पिवळ्या-काळ्या कवचामुळे अनेक जण रंगावरूनच ओळख ठरवतात. परंतु रंग वयानुसार फिका पडतो आणि जवळच्या जातींतही तसाच आढळतो, म्हणून निरीक्षणाची सुरुवात शेपटीकडून करणे अधिक विश्वासार्ह ठरते.

शेपटीच्या टोकाला नखासारखे कठीण शृंगी टोक आहे का, हे प्रथम पाहावे. त्यानंतर शेपटीच्या अगदी वर असलेला कवचाचा खवला तपासावा. हर्मनच्या कासवात तो बहुधा मधोमध दुभंगलेला असतो. याला अपवाद आढळतात, त्यामुळे केवळ या एका खुणेवर निर्णय देऊ नये. शेवटी मांड्यांची मागची बाजू पाहावी: तिथे ठळक शंकूसारखा उंचवटा असेल, तर ते ग्रीक भूकासव असण्याची शक्यता अधिक, कारण हर्मनच्या कासवात तो नसतो. ग्रीक भूकासवाच्या शेपटीवर शृंगी टोकही नसते.

जात निश्चित झाल्यावर उपजातीसाठी पोटाकडचे कवच पाहावे लागते. इटली, दक्षिण फ्रान्स व स्पेन येथील पश्चिमी उपजातीत पोटावर दोन्ही बाजूंना सलग काळे पट्टे असतात आणि याच कवचावरील मांडीजवळच्या खवल्यांमधील मधली शिवण (खवले जुळतात ती रेघ) छातीजवळच्या खवल्यांमधील शिवणीपेक्षा लांब असते. बाल्कनमधील पूर्वेकडील उपजातीत काळा रंग तुटक डागांत विखुरलेला असतो आणि शिवणींचे प्रमाण बहुधा उलट असते. पूर्वेकडील कासवे सहसा आकाराने मोठी होतात. पट्टे फसवू शकतात. शिवणी मोजणे मला अधिक खात्रीचे वाटते.

नर मादीपेक्षा लहान असतो. त्याची शेपटी लांब व बुडाशी जाड, शृंगी टोक मोठे आणि पोटाचे कवच आत वळलेले असते. पिल्लांत हे फरक दिसत नाहीत, म्हणून त्यांचे लिंग बाहेरून सांगण्याची घाई करू नये. खवल्यांवरील वलये मोजून वय सांगणेही टाळावे, कारण एका वर्षात एकापेक्षा अधिक वलये तयार होऊ शकतात आणि म्हातारपणी ती झिजून जातात.

तपासणीसाठी कासव दोन्ही हातांनी, जमिनीलगत आणि थोडाच वेळ उचलावे. रानातील कासवाला मात्र हात लावू नये. युरोपीय संघाच्या कायद्याने ही जात संरक्षित आहे, आणि शेपटीची खूण दुरूनही छायाचित्रात टिपता येते.