रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल, तर माहेरी जाण्यापूर्वी करावयाची तयारी

बाळाचा निम्मा वारसा वडिलांकडचा, म्हणजे आईच्या प्रतिकारशक्तीला परका. तरीही ती त्याला नऊ महिने कशी सांभाळून घेते, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेदावर यांनी १९५३ मध्ये मांडला. उत्तर बरेचसे वारेत (प्लॅसेंटात) आहे. वारेच्या आईला भिडणाऱ्या पेशींवर परकेपणाच्या नेहमीच्या बहुतेक खुणा नसतात, उलट एचएलए-जी हे प्रथिन आईच्या मारक पेशींना आवरते आणि नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या पांढऱ्या पेशी, उरलेली प्रतिक्रिया शमवतात. मात्र प्रसूतीच्या वेळी बाळाच्या आरएच पॉझिटिव्ह (आरएच हे प्रथिन असलेल्या) तांबड्या पेशी ते नसलेल्या, म्हणजे निगेटिव्ह आईच्या रक्तात उतरल्या, तर तेथे हे संरक्षण नसते. आईच्या शरीरात त्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयार होतात. पहिले मूल बहुधा सुटते, पण पुढच्या गरोदरपणात तीच प्रतिपिंडे वार ओलांडून बाळाच्या तांबड्या पेशी नष्ट करतात.

दिवस गेल्याचे कळताच रक्तगट तपासावा. निगेटिव्ह निघाल्यास पतीचाही तपासावा. तो मुंबईत नोकरीला असेल, तर गणपतीला गावी येण्याची वाट न पाहता तेथूनच लेखी अहवाल मागवावा, तोंडी सांगितलेल्या गटावर विसंबू नये. पती पॉझिटिव्ह असल्यास आईच्या रक्तात अशी प्रतिपिंडे आहेत का, हे पाहणारी इनडायरेक्ट कूम्ब्स चाचणी करून घ्यावी.

चाचणीत प्रतिपिंडे आढळली नाहीत, तर २८व्या आठवड्याच्या सुमारास ती तयार होऊ न देणारे अँटी-डी इंजेक्शन दिले जाते. नेमकी अडचण येथेच आहे. डोहाळजेवण उरकून मुलगी याच सुमारास माहेरी निघते. सासरचे डॉक्टर सुटलेले आणि माहेरचे अजून ठरलेले नसतात, त्यामुळे इंजेक्शन राहून जाते. म्हणून ते निघण्यापूर्वी घ्यावे, त्याची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावी आणि माहेरच्या आशाताईंना कार्ड दाखवावे.

प्रसूती जेथे होणार तेथे इंजेक्शन उपलब्ध असते का, हे आधीच विचारावे. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागत असल्याने आणून घरी ठेवू नये, आणि पावसाळ्यात ऐन वेळी तालुक्याला धावण्याचा भरवसा धरू नये. जन्मताच नाळेतील रक्तावरून बाळाचा गट पाहावा. तो पॉझिटिव्ह असल्यास आईला ७२ तासांच्या आत पुन्हा अँटी-डी मिळायला हवे.

गर्भपात, गर्भाशयाबाहेरील गर्भ, रक्तस्राव किंवा पोटाला लागलेला मार, यानंतरही ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठावे. गर्भपाताची वाच्यता न करण्याची घरोघरची रीत समजण्यासारखी असली, तरी डॉक्टरांपासून तो लपवू नये.

प्रतिपिंडे आधीच तयार झाली असतील, तर अँटी-डीचा उपयोग होत नाही. अशा वेळी बाळाच्या रक्तक्षयावर सोनोग्राफीने लक्ष ठेवू शकणाऱ्या तज्ज्ञांकडेच पुढील तपासण्या व प्रसूती ठरवावी.