केळीच्या बागेत बॅटरीच्या मशीननं तण कापायचं, तर आधी नळी सांभाळा

विजेनं तण मारता येतं हे खरं आहे. ब्राझीलमध्ये आणि युरोपात ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागच्या फिरत्या दांड्यावर, जनरेटर फिरवून हजारो व्होल्टचा दाब तयार करणारी यंत्रं आहेत. त्यांचे इलेक्ट्रोड तणाला टेकतात, प्रवाह खोडातून मुळात आणि मुळातून मातीत उतरतो, आतलं पाणी तापून पेशी फुटतात. चालक तेव्हा वर सीटवर सुरक्षित असतो.

आपल्याकडे याची जी नक्कल चालते, म्हणजे पंपाच्या स्टार्टरवरून वायर ओढून लोखंडी सळईनं तण जाळायचं, तिच्या वाटेला जाऊ नका. ती तण मारत नाही, माणूस मारते. हिशोब साधा आहे. दाब २३० व्होल्ट आणि तणाच्या काडीचा रोध (विजेला होणारा अडथळा) समजा १० हजार ओहम, तर प्रवाह २३ मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम ५ वॉटची उष्णता. हरळीच्या मुळाला त्यानं काही होत नाही. ओल्या अंगाचा रोध मात्र हजार ओहमच्या आसपास उतरतो आणि तोच दाब त्यातून दहापट प्रवाह नेतो. घरातलं आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारं बटण, ३० मिलिअँपिअरला पडतं, त्याला हेच कारण. ‘काही नही होत, भो’ असं सांगणारा माणूस पाणी भरलेल्या काळ्या रानात स्वतः उभा राहून दाखवतो का, तेवढं विचारा.

वीज बॅटरीत भरा आणि बॅटरी ब्रश कटरला, म्हणजे लांब दांड्याच्या गवत कापायच्या मशीनला, लावा. आपल्या शेतात विजेनं तण आवरायचा धड मार्ग हाच.

बॅटरी घेताना दुकानदार तास सांगतो, तुम्ही वॉट-तास काढा. व्होल्ट गुणिले अँपिअर-आवर. ५६ व्होल्टची ५ अँपिअर-आवरची बॅटरी म्हणजे २८० वॉट-तास. दाट गवतात मशीन ६०० वॉट खेचत असेल तर अर्धा तासही भरत नाही. म्हणून बॅटऱ्या दोन तरी हव्यात. चार्जिंगचा खर्च मात्र किरकोळ, एका भरण्याला साधारण एक तृतीयांश युनिट.

चार्जिंग घरी करा, रात्री किंवा पहाटे. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करायच्या नसतात, आणि जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच तेवढं तापतं. रानातून आणलेली गरम बॅटरी तासभर गारव्याला ठेवा, मग चार्जर लावा. शेतातल्या स्टार्टरवरून एक फेज आणि जमिनीत ठोकलेली सळई न्यूट्रल म्हणून वापरून चार्जर चालवणारे खूप आहेत. त्यात चार्जर जळतो ते सोडा, त्या सळईजवळची जमीनही धोक्याची होते.

मशीनच्या टोकाला फिरून गवत कापणारी नायलॉनची दोरी रात्रभर पाण्यात भिजत घाला. आपल्या उन्हाळ्यात कोरडी दोरी काडीसारखी तुटते, भिजलेली लवचिक राहते. चष्मा, गमबूट, जाड पँट. १५ मीटरच्या आत कोणी नको. आणि हेडला, म्हणजे दोरी फिरवणाऱ्या टोकाला, हात लावण्याआधी बॅटरी बाहेर काढायची, दर वेळी. पेट्रोलचं मशीन चालू असलं तर ऐकू येतं. हे गप्प असतं आणि ट्रिगरला बोट लागताच फिरतं.

नळीशेजारचं काम

बागेत ठिबकची १६ मिलिमीटरची नळी ओळीला लागून असते आणि सगळ्यात दाट तण तिच्याच काठाला, कारण पाणी तिथंच. मोकळ्या पट्ट्यात मशीन कोणालाही येतं. नळीशेजारी हात बसायला मला हंगाम लागला. ‘सावकाश चालवा’ हा सल्ला इथं कुचकामी आहे. नळी गवताखाली दिसतच नाही, मग सावकाश चालवून काय साधणार?

पहिली गोष्ट वेळेची. प्लास्टिकची नळी उन्हानं लांबते. पहाटे ओळीत सरळ असलेली नळी दुपारी नागमोडी होऊन पट्ट्यात येते. सकाळी जिथं पाहून ठेवली तिथं ती दुपारी नसते. म्हणून नळीलगतचं काम उन्हं चढायच्या आत उरका. दुपारनंतर करायचंच असेल तर बांधावरचं तण घ्या.

दुसरी गोष्ट, ओळीत शिरण्याआधी नळी हातानं उचलून खोडांना भिडवा. तिच्यावर हरळी चढली असेल तर हिसका देऊ नका, नळीचे तुकडे जोडणारा जॉइनर निसटतो. खुरप्यानं गवत मोकळं करा, मग नळी सरकवा. हे कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही.

तिसरी गोष्ट दिशेची. गिअरच्या डब्यावर बाण असतो, तो बघा. सरळ दांड्याच्या बहुतेक मशीनचं हेड वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरतं. अशा मशीननं उजवीकडून डावीकडे कापायचं असतं. नळी उजव्या हाताला ठेवून चाला, म्हणजे कापणारा झोका नळीपासून दूर जातो. परतीचा झोका जमिनीवरून उचलून घ्या. घाई झाली की नळी तुटते ती याच परतीच्या झोक्यात.

ओळीत लोखंडी पातं लावूच नका, कोणी कितीही सांगो. दोरीचा निसटता स्पर्श नळीवर ओरखडा काढतो, पातं तिचे दोन तुकडे करतं. पातं बांधावरच्या झुडपांसाठी आणि तुरीच्या धसकटांसाठी. आणि नळीच्या दोन्ही बाजूंची वीतभर पट्टी मशीनची नव्हेच, ती विळ्याची. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या, कोवळ्या रोपांभोवतीही तसंच.

पट्टा संपला की घरी पळू नका. व्हॉल्व्ह उघडा आणि ओळीओळीनं फिरा. कोरड्या नळीवरची चीर दिसत नाही, पाणी सुटलं की लगेच कारंजं उडतं. खिशात चार-पाच जॉइनर ठेवा. चीर राहून गेली तर ओळीच्या टोकाची झाडं सुकल्यावरच कळतं.

गवत दोन-तीन इंच ठेवून कापा. मातीला घासून कापल्यानं दोरी संपते आणि खडे उडतात. केळीची बहुतेक मुळं वरच्या फूटभर मातीत असतात, त्यामुळे वाढत्या बागेत वखर किंवा रोटाव्हेटर घालण्यापेक्षा वरून कापणं केव्हाही बरं. कापलेलं गवत, बी धरलेलं नसेल तर, खोडाजवळ अंथरा.

सगळं तण या मशीननं मरतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हरळी आणि लव्हाळा फक्त दबतात. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत शाबूत राहतात, त्या खणूनच काढाव्या लागतात. गाजर गवत फुलावर येण्याआधी कापा. एका झाडाला हजारो बिया धरतात, आणि फुललेलं कापलं तर परागकण थेट तोंडावर येतात. कापलेल्या बुंध्यातून ते परत फुटतं, म्हणून पावसानं जमीन मऊ झाली की हातमोजे घालून उपटा. केना मात्र लहान असतानाच काढा. यावल-रावेरकडे ज्याला हरण्या म्हणतात त्या केळीच्या रोगाचा विषाणू केन्यासारख्या तणावर टिकतो आणि मावा तो केळीवर आणतो. बांधावरचं तणही त्यात आलं.

लागवडीनंतरचे पहिले चार-पाच महिने हे काम चुकवू नका. पुढे पानांची सावली पडली की तण आपोआप विरळ होतं आणि मशीनला सुट्टी मिळते. तेव्हा बॅटरी पूर्ण भरून किंवा रिकामी करून ठेवू नका, अर्धी भरून घरात गार, कोरड्या जागी ठेवा. मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नको.