सर्वांसाठी बुशवॉक: वाटाड्याने काय तयारी करावी

ऑस्ट्रेलियात रानातल्या पायवाटांवरून केलेल्या भटकंतीला बुशवॉक म्हणतात. अशी भटकंती सर्व क्षमतांच्या लोकांसाठी खुली आहे असे जाहीर करायला फारसे काही लागत नाही. तिची खरी तयारी होते ती आठवडाभर आधी, वाटाड्या मोजपट्टी आणि फोन घेऊन तीच वाट एकदा एकट्याने चालून येतो तेव्हा. ‘वाट सोपी आहे’ हे वाक्य माहितीपत्रकात लिहू नये. वाट आपल्याला जमेल की नाही हे येणारी व्यक्तीच ठरवणार असते आणि त्यासाठी तिला नेमकी मापे लागतात.

तिथल्या पायवाटांना १ ते ५ अशा श्रेणी दिलेल्या असतात. श्रेणी १ ची वाट सपाट, बिनपायऱ्यांची, ५ किलोमीटरपर्यंतची आणि सोबत मदतनीस असल्यास व्हीलचेअर नेता येईल अशी असते. श्रेणी २ मध्ये हलके चढ आणि अधूनमधून पायऱ्या येऊ शकतात. चालणाऱ्याला या दोहोंतला फरक फारसा जाणवत नाही, पण व्हीलचेअरवरील व्यक्तीची वाट त्या पहिल्या पायरीपाशीच अडते. शिवाय पाटीवरची श्रेणी वर्षानुवर्षे तीच राहते आणि वाट मात्र एका जोरदार पावसात बदलते, म्हणून पाटीवर विसंबू नये.

पाहणी करताना सर्वांत अरुंद जागेची रुंदी, प्रत्येक पायरीची उंची, दोन बाकांमधले अंतर आणि शौचालयाची सोय यांची नोंद करावी. चढ फोनमधल्या पातळीमापकाने मोजता येतो. ऑस्ट्रेलियातील बांधकाम मानकांत व्हीलचेअरच्या उतारासाठी १:१४ (१४ मीटर लांबीत १ मीटर चढ), म्हणजे सुमारे ४ अंश, ही कमाल मर्यादा धरली आहे. रानवाटेला ती बंधनकारक नसली तरी तुलनेसाठी उपयोगी पडते. वाटेच्या आडव्या कलाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. एका बाजूला झुकलेल्या वाटेवर व्हीलचेअर सतत उताराकडे ओढली जाते आणि ती सरळ ठेवताना एकाच हातावर ताण येतो. कृत्रिम पाय वापरणाऱ्यालाही सरळ चढापेक्षा हा कल अधिक त्रास देऊ शकतो. पत्रकात सर्वांत अवघड जागेचे छायाचित्र अवश्य द्यावे. धबधब्याचे छायाचित्र कोणीही देतो.

वेळेचा अंदाज बांधताना नेस्मिथचा १८९२ सालचा नियम, म्हणजे ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास, बाजूला ठेवावा. तो धडधाकट गिर्यारोहकांच्या चालीवर बेतलेला आहे. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. मागे ठेवल्यास तो विसाव्याच्या जागी पोहोचतो तेव्हाच इतर उठतात आणि त्याला विसावा मिळतच नाही.

नोंदणीच्या वेळी आजाराचे नाव विचारू नये. कोणती मदत हवी आणि कोणती नको, एवढेच विचारावे. उष्णतेबद्दल मात्र स्पष्ट बोलावे. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीला इजेच्या खाली घाम येत नाही, त्यामुळे तिचे शरीर लवकर तापते; मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्यांची लक्षणेही उष्म्याने वाढतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर निघावे आणि पाण्याचा फवारा सोबत ठेवावा.

खडबडीत वाटेसाठी ट्रेलरायडर नावाची एकचाकी खुर्ची मिळते, जी पुढे आणि मागे धरून किमान दोघांनी न्यायची असते. व्हिक्टोरिया राज्यात ग्रॅम्पियन्ससारख्या उद्यानांत ती आधी सांगून घेता येते. खुर्ची धरणाऱ्यांनी आधी स्वतः तिच्यात बसून शंभर मीटर तरी जावे, म्हणजे न सांगता दिलेला झटका कसा लागतो ते कळते. उचलण्यापूर्वी आणि थांबण्यापूर्वी बसलेल्या व्यक्तीला सांगावे.

दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरून तिला ओढू नये. तिला आपल्या कोपराजवळ धरू द्यावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. ‘इथे जपून’ याने काहीच कळत नाही. ‘दोन पावलांवर गुडघ्याइतके आडवे खोड आहे’ असे सांगावे. स्पर्शाने ओळखता येण्याजोगे रानात पुष्कळ असते, जसे पेपरबार्क या झाडाची पापुद्र्यांची साल किंवा युकॅलिप्टसचे गळून पडलेले पान. मात्र क्वीन्सलंड आणि उत्तर न्यू साउथ वेल्सच्या वर्षावनांत जिंपी-जिंपी हे दंश करणारे झुडूप नेमके वाटेच्या कडेच्या उजेडात वाढते आणि त्याच्या केसाळ पानाच्या स्पर्शाने होणाऱ्या वेदना महिनोन्महिने परत उमटू शकतात. म्हणून ते झुडूप आपल्याला ओळखता येत नसेल तर तिथे कोणालाही पानांना हात लावायला सांगू नये.

सांकेतिक भाषेत बोलणाऱ्यांना अरुंद वाटेवर एकामागून एक चालताना संवाद साधता येत नाही. त्यामुळे माहिती थांबूनच द्यावी, सर्वांनी अर्धवर्तुळात उभे राहावे आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा. ऑसलॅन ही तिथली सांकेतिक भाषा आहे. भटकंती तासाहून मोठी असेल तर दोन दुभाषे ठेवावेत.

राष्ट्रीय उद्यानांत सहसा कुत्र्यांना मनाई असते, पण १९९२ च्या अपंगत्व भेदभाव प्रतिबंधक कायद्यात सहायक श्वानांना संरक्षण आहे. तरीही उद्यानाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे, कारण कोल्ह्यांसाठी १०८० या विषाची आमिषे टाकली जातात आणि ती कुत्र्यांना प्राणघातक ठरतात.

आपत्कालीन क्रमांक ००० आहे. रानात फोनला रेंज नसण्याची शक्यता धरून उपग्रहाद्वारे ठिकाण कळवणारे बीकन जवळ ठेवावे आणि खुर्चीवरील व्यक्तीला कोणत्या फाट्यावरून बाहेर नेता येईल ते नकाशावर आधीच खुणावून ठेवावे. परतल्यावर, त्याच दिवशी, पत्रकातली मापे दुरुस्त करावीत: कुठे झाड आडवे पडले आहे, कोणता बाक मोडला आहे आणि प्रत्यक्षात किती वेळ लागला.